वडिलांचा मोबाइल क्रमांक

माझा स्वभाव संशयी आहे. आई म्हणायची, हिला दूध दिसायच्या आधी त्यातलं पाणी दिसतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवते. मशीन बंद पडलेलं असताना अख्खा वर्ग एकसुरात 'मॅडम, आम्ही काहीच नाही दाबलं' म्हणतो, तेव्हा जिला संशय येत नाही तिने दुसरी नोकरी बघावी.

कॉम्प्युटरवाली बाई म्हणूनच आमच्या समाजाच्या मंडळाने वधू-वरांची वेबसाइट माझ्या गळ्यात मारली. पूर्वी मेळाव्याला परिचय पुस्तिका छापत. ती हातात पडेपर्यंत निम्म्या पोरींची लग्नं होऊन गेलेली असत, आणि उरलेल्यांच्या फोटोत नाक कुठे नि कपाळ कुठे ते समजत नसे. मग सभेत कोणीतरी म्हणालं, वेबसाइट करा. करा म्हणणारे पुष्कळ होते, करणारी मी एकटी.

साइट नुसती उभी करून भागत नाही. तिच्यामागे एक मोजणी जोडलेली असते. माणूस कोण हे ती मोजणी सांगत नाही. पण तो कोणत्या पानावर आला, किती वेळ थांबला, कुठे बोट लावलं आणि कुठून मागे फिरला, एवढं सांगते. मला हे काही नवीन नव्हतं. आमच्या बाबांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक भाव एका ताग्याचा विचारतं आणि नजर दुसऱ्याच ताग्यावर ठेवतं, हे ते गादीवर बसल्या बसल्या ओळखतात. मी तेच कॉम्प्युटरवर करायला लागले. आमचे लोक व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून येतात आणि कोपऱ्यातल्या मेनूच्या तीन आडव्या रेघांना कधी हात लावत नाहीत, असं दिसलं. म्हणून सगळं पहिल्याच पानावर आणलं. फोटो उघडायला वेळ लागला की लोक निघून जात, म्हणून फोटो हलके केले. शिक्षण आणि नोकरीच्या आधी लोक गाव बघतात असं दिसलं, तेव्हा गावांची नावं सगळ्यांत वर घेतली. मोहगावच्या एका आजोबांनी फोन करून सांगितलं की आता बरं झालं, पहिले लई फिरावं लागे. मी नेमकं काय बदललं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मला दिवसभर बरं वाटलं.

भांडण झालं ते पुनर्विवाहाच्या विभागावरून.

हा विभाग साइटच्या अगदी तळाशी होता आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पान होतं. तिला सौंसरला दिलं होतं. फारकत होऊन ती बाबांकडे परत आली, पण नोकरी सौंसरच्याच शाळेत, म्हणून रोजचं बसने जाणं-येणं. जे गाव सोडून आलो त्याच गावात रोज सकाळी उतरायचं, हे सोपं नसतं. तिने मात्र बदली मागितली नाही. रस्त्यात सासरची माणसं भेटतात, त्यांची त्यांना लाज असेल तर ती वाट बदलतील, असं ती म्हणते.

पानावर 'स्वतःविषयी' नावाचा रकाना असतो. बाकीच्या मुली तिथे 'मनमिळाऊ स्वभाव, स्वयंपाकाची आवड' लिहितात. हिने लिहिलं होतं: 'माझी फारकत झाली आहे. मला कोणी टाकलेलं नाही, मी स्वतः निघाले. निघण्याआधी पुष्कळ दिवस घाबरले होते. आता घाबरत नाही.' मी तिला म्हटलं, हे वाचून येणारा मागच्या मागे पळेल, थोडं गोड लिही. ती म्हणाली, "पळणारा आधीच पळाला तर बरं नाही का ताई? चहा-पोहे वाचतात." मला हसू आलं, पण काळजी गेली नाही. आमच्या आईनंतर बाबांना एकच घोर होता, आणि तो या पोरीचा.

मंडळाचे अध्यक्ष संत्र्याचे मोठे व्यापारी. तिगावकडे त्यांचे बगीचे आहेत, पांढुर्ण्यात घर आहे, आणि समाजात त्यांचा शब्द खाली पडत नाही. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही म्हणते. माणूस वाईट नाही, पण एकदा त्यांनी ठरवलं की ते ठरलं. एका सभेत ते म्हणाले की पुनर्विवाहाचा विभाग बंद करा. पहिल्या लग्नाचे लोक बिचकतात, चांगल्या घरचे आईबाप फोन करून विचारतात की असल्या पोरींच्या लाइनीत आमची पोरगी काहून बसवली. माझी बहीण त्या विभागात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळे खाली सतरंजीकडे बघत होते. मी म्हटलं, लोक तो विभाग बघतात. काकाजी शांतपणे म्हणाले, "बघत असन तर दाखवा. पुढच्या सभेत आकडे आणा. नाहीतर बंद."

म्हणजे झालं. मोजणीत काही सापडलं नाही तर बहिणीचं पान जाणार होतं, आणि तिच्यासाठी दुसरं दार आमच्याजवळ नव्हतं. घरोघर जाऊन सोयरीक सुचवणारे मध्यस्थ फारकत झालेल्या पोरीचं नाव काढलं की 'पाहू ना' म्हणतात आणि चपला घालतात. घरी येऊन मी कॉम्प्युटर उघडला तेव्हा मला राग आला होता आणि धास्तीही वाटत होती.

मोजणीत जे दिसलं त्याने धास्ती कमी झाली नाही. बहिणीच्या पानावर माणसं येत होती, पण रोज न चुकता येणारे दोनच. एक पांढुर्ण्याचा. तो सकाळी बाजार उघडायच्या वेळेला यायचा, क्षणभर थांबायचा आणि जायचा. दुसरा सौंसरचा. तो भर दुपारी यायचा, त्या पानावर बराच वेळ बसायचा, मग नोंदणीचा फॉर्म उघडायचा आणि अर्ध्यातून निघून जायचा. ही मोजणी गावाच्या बाबतीत बऱ्याचदा थापा मारते, हे खरं. मोबाइलवरचा माणूस पांढुर्ण्यात बसलेला असला तरी तिला तो नागपुरात नाहीतर भोपाळात दिसतो. पण घरच्या वायफायवरून कोणी आलं की ती कधीकधी गाव बरोबर सांगते. दोघं वायफायवाले होते, म्हणजे घरात नाहीतर दुकानात बसून निवांत बघणारे.

निवांत बघणाऱ्यांचा मला भरवसा नाही. ज्याला स्थळ बघायचं तो एकदा बघतो, दोनदा बघतो, फोटो बायकोला दाखवतो आणि फोन करतो. रोज येऊन काही न विचारता जाणारा माणूस टेहळणीच करतो. सकाळचा तो काकाजींचा माणूस असणार, असं मी धरून चालले. विभाग कोण बघतं याची नोंद ठेवायला त्यांनी कोणाला तरी बसवलं असेल. अन् दुपारचा, म्हणजे सौंसरचा? तिथे बहिणीचं जुनं सासर होतं. तिला कुठे काही जमतंय का, यावर नजर ठेवणारं दुसरं कोण असणार? घरच्यांना मी काही बोलले नाही. संशय पक्का झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम आहे.

सकाळचा माणूस लवकर सापडला. शाळेला सुट्टी होती, मी बाबांना डबा द्यायला दुकानात गेले. शटर नुकतंच उघडलं होतं. बाबांनी देवीच्या फोटोला उदबत्ती ओवाळली, गादीला हात लावून पाया पडले, आणि मग खिशातून मोबाइल काढून डोळ्यांजवळ नेला. मी मागे उभी होते. पडद्यावर माझ्या बहिणीचा फोटो होता. त्यांनी तो बघितला, पान खाली सरकवलं, आणि मोबाइल परत खिशात घातला.

मी विचारलं, हे काय करून राहिले बाबा? ते दचकले, मग जरा ओशाळून हसले. आमच्या साइटवर प्रत्येक पानाखाली आज किती जणांनी पाहिलं तो आकडा येतो. काकाजींच्याच आग्रहावरून मी तो टाकला होता. बाबांना सकाळी तिथे शून्य दिसे आणि ते त्यांना सहन होत नसे.

"बोहणी करतो," ते म्हणाले. "रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही बेटा. पहिलं गिऱ्हाईक कोणी ना कोणी उभं करा लागते."

आमच्या बाजारात ही रीत जुनी आहे. सकाळी कोणी आलंच नाही तर शेजारचा दुकानदार येऊन एखादा रुमाल नाहीतर नाडीचं बंडल घेतो, म्हणजे बोहणी होते आणि दिवस चालू होतो. दुसऱ्या दिवशी हा त्याच्याकडून काही घेतो. बाबांनी मुलीच्या पानालाही तीच रीत लावली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी डबा ठेवला आणि बाहेर आले. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी हाक मारून सांगितलं की लहानीच्या पानाले मीबी पाहतो कधीमधी, तुह्या बाबांनी सांगितलं म्हणून.

घरी येऊन मी ती दोन्ही दुकानं मोजणीतून वगळली. हे करावंच लागतं. घरचीच माणसं मोजली तर आकडा फुगतो आणि आपणच आपल्याला फसवतो. वगळल्यावर बहिणीच्या पानावर फारसं काही उरलं नाही. एखाद-दुसरा चुकून आलेला, आणि सौंसरचा तो दुपारचा.

त्यानंतरच्या शनिवारी मी बहिणीसोबत जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले. खरं सांगायचं तर दर्शनाइतकंच दुसरंही काम होतं. तिची जुनी सासू शनिवारी तिथे येते हे मला ठाऊक होतं. रांगेत ती दिसली. बहीण शांतपणे पुढे गेली, मी मागे राहिले आणि म्हातारीशी बोलायला लागले. इकडचं तिकडचं झालं. माझा सगळा डोळा तिच्या हातातल्या पिशवीवर. शेवटी तिचा फोन वाजला आणि तिने पिशवीतून बाहेर काढला तो बटणांचा जुना डबा. तो कानाला उलटा लावून ती जोरात हॅलो हॅलो करत होती. मग मलाच म्हणाली, आवाज कमी करून देते का बाई, माह्यानं होत नाही. घरात वायफाय आहे का असं मी आडून विचारलं, तर तिला वाटलं मी पाणी शुद्ध करायच्या मशीनबद्दल विचारते. पोरगा बंगलोरला, नवरा अंथरुणाला खिळलेला. या घरातून कोणी रोज दुपारी वेबसाइट बघत असेल हे शक्य नव्हतं. परतताना बसमध्ये बहिणीने विचारलं, काय बोलत होतीस तिच्याशी एवढं? मी म्हटलं, सहज.

सहज काही नव्हतं. माझा आवडता संशय हातातून गेला होता आणि सभा जवळ येत होती.

मग मी माणूस शोधायचं सोडून त्याचा रस्ता बघायला लागले. तो कुठून जातो ते नीट पाहिलं. आमच्या नोंदणीच्या फॉर्मचे भाग आहेत. नाव, शिक्षण, नोकरी, मग पुनर्विवाह असेल तर त्याबद्दल, आणि मग 'वडिलांचा मोबाइल क्रमांक'. त्याच्यापुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मंडळाची रीतच तशी आहे. पोरगी कितीही शिकलेली, कमावती असो, फॉर्म बाप भरतो. मंडळातलं कोणीतरी बापाला फोन लावतं, ओळख देणाऱ्या दोन गृहस्थांची नावं विचारतं, आणि मगच पान वर चढतं. पुनर्विवाहालाही तेच. पुस्तिकेच्या काळापासून चालत आलेली ती रीत मी साइटवर जशीच्या तशी उतरवली होती, कारण तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. 'स्वतःविषयी'चा रकाना सोडला तर बहिणीचा फॉर्म आमच्या बाबांनीच आनंदाने भरला होता.

सौंसरचा माणूस रोज तिथपर्यंत यायचा आणि त्या चांदणीपाशी थांबायचा. आधीचे रकाने भरल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही, म्हणजे तो रोज सगळं भरत होता. काय भरलं ते मोजणी सांगत नाही, आणि सांगत नाही तेच बरं. पहिल्यांदा मला वाटलं, हेरच आहे, खोटं नाव घालून आत शिरायला बघतो आणि बापाच्या नंबरावर अडतो. पण चोर रोज त्याच कुलपापाशी येऊन मुकाट्याने परत जात नाही. एखाद्या दिवशी तो कुठला तरी नंबर ठोकून देईल. याने तसं कधीच केलं नव्हतं.

तेव्हा मी मंडळाला न विचारता एक बदल केला. पुनर्विवाहाच्या फॉर्ममधली ती लाल चांदणी काढून टाकली, आणि रकान्याखाली एक ओळ घातली: 'आधी बोलायचं असेल तर या नंबरावर फोन करा.' नंबर माझा. काकाजींना कळलं असतं तर त्यांनी भर सभेत माझी चामडी सोलली असती.

दोन-चार दिवसांनी दुपारी मी पेपर तपासत बसले होते. फोन आला. पलीकडून बाईचा आवाज, दबका. "मॅडम?" ती म्हणाली. मला मॅडम म्हणणारी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. मी नाव विचारलं. तिने सांगितलं आणि मी पेन बाजूला ठेवलं. ती काकाजींची मुलगी होती.

माझा पहिला विचार काय आला तो सांगते. मला वाटलं, हा काकाजींचा डाव आहे. चांदणी काढल्याचं त्यांना कळलं, आणि आपल्याच पोरीला फोन करायला लावून ते मला पकडायला बघतात. काकाजींची मुलगी सौंसरला मोठ्या घरात दिलेली, लग्नात सगळं पांढुर्णा जेवलेलं, तिला पुनर्विवाहाच्या विभागात काय काम? मी अगदी कोरड्या आवाजात विचारलं की फोन कशासाठी केला, कोणी सांगितलं करायला. ती घाबरली. एकदम म्हणाली, "मॅडम, हळू बोला. सासूबाई झोपल्या आहेत. त्या दुपारी झोपतात, तेवढाच वेळ भेटते मले."

तेव्हा माझा संशय मोडला. तो दुपारचा आकडा, रोज त्याच वेळी उगवणारा आणि त्याच वेळी मावळणारा, तो एका म्हातारीच्या झोपेवर चालत होता. हे कोणी बनवून सांगू शकत नाही.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. नवरा कामासाठी नागपुरात राहतो आणि तिथे त्याचं दुसरं घर आहे, हे सासरी सगळ्यांना माहीत आहे. तिने गप्प बसावं, स्वयंपाक करावा, सणावाराला नटून दिसावं, एवढीच अपेक्षा. फोन संध्याकाळी दिराच्या हातात जातो, ती कोणाशी बोलली ते तो बघतो. दुपारचं त्याला दिसत नाही, कारण ती त्याच्या आधी सगळं पुसून ठेवते. तिला दुसरं स्थळ नको होतं. ती माझ्या बहिणीच्या त्या चार ओळी वाचायला येत होती. वाचल्या की असंही म्हणता येतं हे पटायचं, आणि मग ती फॉर्म उघडून आपली हकीकत लिहून बघायची. लिहिताना कोणाला तरी सांगितल्यासारखं वाटायचं. बापाच्या नंबराच्या रकान्यापाशी आली की सगळं पुसून टाकायची. ज्या ओळी मी बहिणीला बदलायला सांगत होते, त्यांच्यासाठी कोणी रोज सौंसरहून येत होतं.

मी विचारलं, वडिलांना काहून नाही सांगत? ती म्हणाली, सांगाले जाते ना मॅडम. बाबा फोनवर 'मजेत आहे ना' विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईला देऊन टाकतात. आईला सांगितलं तर आई रडते आणि म्हणते, तुह्या बाबांले नको सांगू, त्यांचं नाव आहे.

"तुम्हीच सांगा त्यांले," ती म्हणाली. "माह्या तोंडून निघत नाही."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. काकाजींवर माझा भरवसा नव्हता. हा माणूस फारकत झालेल्या पोरींना एका पानावरही ठेवायला तयार नाही, तो हे ऐकून काय करेल? व्याह्यांना फोन करून 'आमच्या पोरीचं डोकं फिरलं, सांभाळून घ्या' म्हणाला तर? मग तिचा दुपारचा वेळही जाईल, आणि सांगणारी मी असेन. ती माझ्याकडे बाहेर पडायची वाट विचारायला आली होती आणि मी तिला कोंडून टाकायला कारण झाले असते. मी दोन दिवस नीट जेवले नाही. बहिणीलाही सांगितलं नाही. शेवटी एकच सुचलं की सभेच्या आधी, दुपारीच, एकटीने त्यांच्या घरी जायचं आणि आधी त्यांना बोलू द्यायचं. काही वेडंवाकडं वाटलं तर नाव न सांगता उठून यायचं.

सभा त्या दिवशी संध्याकाळी होती. मी दुपारी लॅपटॉप घेऊन गेले. काकाजी पुढच्या खोलीत एकटेच होते, पंखा चालू होता. आकडे आणले का, त्यांनी विचारलं. मी पडदा त्यांच्यापुढे केला आणि खरं खरं सांगितलं की सकाळचे ते आमचे बाबा आहेत, ते मी काढून टाकले. ते हसले. एवढं प्रामाणिकपणे तुम्ही सांगता म्हणजे बाकी काही उरलं नसणार, असं म्हणाले.

मी म्हटलं, एक उरली आहे. सौंसरची. रोज दुपारी येते.

"रिकामटेकडी असन."

रिकामी नाही, मी म्हटलं, दुपारी सासू झोपते तेवढाच वेळ तिला मिळतो. मग तिचं सगळं सांगितलं, नाव सोडून. नवऱ्याचं नागपूरचं घर सांगितलं, संध्याकाळी दिराच्या हातात जाणारा फोन सांगितला. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते म्हणाले, आकड्यांवरून एवढं कुठे समजतं? तुम्ही बहिणीचं पान वाचवायला हे रचून आणलं. मी म्हटलं, ती माझ्याशी स्वतः बोलली. मग ते जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, असे सासरचे लोक असतील तर त्या पोरीच्या बापाने जाऊन तिला घेऊन यायला पाहिजे. बाप काय करून राहिला तिचा?

मी याचीच वाट बघत होते. मी पडद्यावरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं की ती रोज सगळा फॉर्म भरते आणि इथे, वडिलांच्या नंबरापाशी थांबते.

"बापाचा नंबर माहीत नसन तिले."

"पाठ आहे, काकाजी," मी म्हटलं. "तुमचाच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या रकान्याकडे बघत राहिले. पंख्याचा आवाज येत होता, आत कुठेतरी काकू भांडी लावत होत्या. मला वाटलं आता ओरडतील, मला घराबाहेर काढतील. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हातानेच थांबवला. संध्याकाळच्या सभेत त्या विभागाचा विषय निघालाच नाही, पण ते नंतरचं. तेव्हा त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"ह्या वेळी झोपलेली असते का तिची सासू?" त्यांनी विचारलं.

असते, मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि फोन घेतला. आतून काकू कोणाचा फोन म्हणून विचारत दारापर्यंत आल्या. काकाजींनी त्यांना हाताने तिथेच थांबायला सांगितलं. पलीकडून उचलल्याचा आवाज आला. मजेत आहे ना, असं त्यांनी विचारलं नाही.

"बोल बेटा," ते म्हणाले, "मी ऐकून राहिलो."